अंपायरला पाणी

जूनमधला शेवटचा शनिवार, डॅलसच्या उत्तरेकडचं बेसबॉलचं एक मैदान, दुपारचा दीड. तिसरी इनिंग संपली तसा अंपायर होम प्लेटमागच्या, म्हणजे बॅट्समन उभा असतो त्या जागेमागच्या, जाळीपाशी आला, मास्क काखेत मारला, जाळीच्या पायथ्याशी ठेवलेला आपला अर्ध्या गॅलनचा थर्मास उचलला आणि तोंडाला लावला. काहीच आलं नाही. त्याने थर्मास हलवून बघितला, उलटा करून बघितला. कुणाच्या तरी पायाचा धक्का लागून तो मघाशीच आडवा झाला होता, झाकण अर्धवट लागलेलं असणार. सगळं पाणी त्या प्लास्टिकच्या गवतात, रबराच्या काळ्या चुऱ्यात मुरून गेलं होतं. त्याने थर्मास होता तिथे पुन्हा उभा ठेवला, अगदी सरळ, अजून काही सांडायचं शिल्लक असावं तसा. मग मास्क चढवला आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. मी जाळीच्या अलीकडे चार हातांवर बसले होते. छत्री लावलेल्या खुर्चीत. पायाशी आमचा कूलर, कूलरमध्ये बर्फ, बर्फात बारा-पंधरा बाटल्या.

मी त्याला पाणी विचारलं नाही.

आता यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल. पण मी ज्या घरात वाढले तिथे दारात आलेल्या माणसाला पाणी विचारणं ही सभ्यतेची पहिली पायरी होती. कुरिअरवाला, मीटर वाचायला आलेला माणूस, वर्गणी मागणारी गणपती मंडळाची पोरं, सगळ्यांना. लग्नात मानपान झाला नाही, साडी हलकी दिली, हे लोक विसरतात. ‘साधं पाणीही विचारलं नाही’ हे तीस वर्षांनी सांगतात. माझी एक आत्या एका घरी याच कारणावरून मरेपर्यंत गेली नाही. आणि मी, तिची भाची, अडतीस अंश सेल्सियसमध्ये उभ्या असलेल्या साठीच्या माणसाच्या हातातला रिकामा थर्मास बघितला आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. बरं, एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पुढच्याच इनिंगला त्याने माझ्या लेकाला गुडघ्याखालच्या चेंडूवर स्ट्राइक दिला (इतका खालचा चेंडू ‘बॉल’ धरतात, आणि तीन स्ट्राइक झाले की बॅट्समन आउट) आणि मी सगळ्यांच्या वरताण ओरडले, ‘कम ऑन, ब्लू!’ इथे अंपायरला ब्लूच म्हणतात, शर्ट कुठल्याही रंगाचा असो. त्याचा काळा होता. पाठीवर घाम वाळून पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, एकाच्या आत एक, भाईंदरच्या मिठागरांसारख्या.

बेसबॉल ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगते. प्लेटमागचा अंपायर हा त्या मैदानावरचा सर्वांत जास्त कपडे घातलेला माणूस असतो. तोंडावर मास्क, शर्टाच्या आत छातीला कडक गार्ड, पँटच्या आत नडग्यांना गार्ड, पायात पोलादी टोकाचे बूट, कमरेला चेंडूंची पिशवी. या सगळ्यानिशी प्रत्येक चेंडूला कॅचरच्या, म्हणजे बॅट्समनमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या, मागे अर्धवट उठाबशी. दहा वर्षांच्या पोरांच्या मॅचलाही दीड-दोनशे चेंडू सहज होतात, आणि शनिवार-रविवारच्या या स्पर्धांत एक मॅच संपली की त्याच मैदानावर दुसरी लागते. खेळणारी पोरं अर्धा वेळ डगआउटच्या, म्हणजे संघाच्या बाकांवरच्या छपराच्या, सावलीत बसून गेटोरेड हे मीठ-साखरेचं तयार पेय पितात, सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया चघळून टरफलं थुंकत असतात. एक संघ आत येतो, दुसरा बाहेर जातो. अंपायर कुठल्याच डगआउटचा नाही. त्याला बाक नाही, सावली नाही, बदली माणूस नाही. पाणी प्यायला दोन डावांमधलं मिनिटभर. चांगल्या स्पर्धांत आयोजक अंपायरांसाठी वेगळा कूलर ठेवतात. त्या दिवशी कुणी ठेवला नव्हता.

पाचव्या इनिंगला एक विचित्र गोष्ट झाली. चेंडू आला, कॅचरच्या हातमोज्यात बसल्याचा चटकन आवाज झाला, आणि निर्णयच आला नाही. अंपायरचा डावा हात कॅचरच्या पाठीकडे गेला, टेकला नाही, परत आला. मग तो हळूच ‘बॉल’ म्हणाला. इकडे लगेच कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात कॅचरने, समोरच्या संघाच्या गोलमटोल पोराने, मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि ‘टाइम, ब्लू?’ म्हणून हात वर केला. वेळ मिळाल्यावर तो पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पोराकडे, निघाला. सेहेचाळीस फुटांचं ते अंतर तो असा चालला की काय सांगू, वरातीत चालावं तसा. तिथे जाऊन नडगीचा पट्टा सोडला, परत बांधला. पिचरला काहीतरी सांगितलं. पिचर नुसताच मान हलवत होता, त्यालाही काही कळलं नसावं. इकडे अंपायर मास्क काढून, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा होता. हनुवटीवरून घाम टपटप पडत होता. कॅचर परत आला तसा अंपायरने खिशातला छोटा ब्रश काढला, मैदानाकडे पाठ करून वाकला आणि आधीच स्वच्छ असलेली प्लेट सावकाश झाडली.

सोमवारी ऑफिसात हे मी आमच्या एका सहकाऱ्याला सांगितलं. ते वीसेक वर्षं शाळांच्या मॅचेसना अंपायरिंग करतात. ते हसलेच. म्हणाले, हा आमच्यातला जुना व्यवहार आहे. कॅचरला चेंडू लागला, कळ आली, तर अंपायर उगाच प्लेट झाडायला घेतो, पोराला सावरायला वेळ मिळावा म्हणून. आणि अंपायरला लागलं तर कॅचर उगाच पिचरशी बोलायला जातो. कुणी कुणाचे आभार मानायचे नाहीत. मी म्हटलं, पण हा दहा वर्षांचा होता! ते म्हणाले, मग त्याला चांगला कोच मिळालाय. मला मात्र वाटत राहिलं की कोचने शिकवलं असेल चेंडू लागल्यावर काय करायचं ते. तहान लागल्यावर काय करायचं हे त्याने आपल्या मनाने जोडलं. जाळीच्या या बाजूला आम्ही चाळीस मोठी माणसं बसलो होतो. कूलर तर किती होते मोजलेच नाहीत.

मग त्यांच्याकडून अंपायरांच्या पाण्याचं सगळं शास्त्रच ऐकलं. मॅचचं पाणी मॅचच्या दिवशी प्यायचं नसतं, आदल्या संध्याकाळपासून प्यायचं असतं. उन्हात तासाला लिटर-दीड लिटर घाम सहज जातो, आणि गेलं तेवढं पोट मिनिटभरात परत घेत नाही, डुचमळतं. म्हणून दर अर्ध्या इनिंगला चार घोट, तहान लागो न लागो. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं, म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाचं दीड लिटरच्या वर, की लक्ष ढळायला लागतं. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही वाईट. दोन थर्मास, एकात पाणी, एकात मीठ-साखरेचं. एक बाटली गोठवून जुन्या मोज्यात घालून ठेवायची, ती मानेला लावायची. दोन मॅचेसच्या मध्ये आतला बनियन बदलायचा, ओला अंगावर ठेवला तर मांड्या-बगला सोलून निघतात. काळा शर्ट घरी, फिकट निळा अंगावर. आणि पायात गोळे आले तर लोणच्याचं पाणी! मी म्हटलं, काय? तर ते म्हणजे आपल्या लोणच्याचा खार नव्हे, इथे काकड्या ज्या मिठाच्या आंबट पाण्यात मुरवतात ते. दोन घोट घेतले की गोळा सुटतो, मीठ रक्तात पोचायच्या आधीच. घशातल्या नसांना तो आंबट झटका बसतो, त्याचा हा परिणाम असावा असं अभ्यासक म्हणतात.

शेवटी त्यांनी आवाज जरा खाली घेऊन सांगितलं की बरेच जण मुद्दामच कमी पितात. मैदान सोडून बाथरूमला जाता येत नाही ना. हे गणित डोंबिवलीहून रोज फोर्टला जाणाऱ्या कुठल्याही बाईला समजावून सांगायला नको. माझ्या आईने अठ्ठावीस वर्षं सकाळच्या चहानंतर ऑफिसात पोचेपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाही.

पण हे सगळं ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर ना आई होती ना तो टेक्सासचा अंपायर. बाबा होते.

बाबा सोमवार ते शनिवार बँकेत आणि रविवारी मैदानावर. मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनची अंपायरची परीक्षा ते दुसऱ्या खेपेला पास झाले तेव्हा घरात श्रीखंड आणलं होतं. सकाळी सहा बावीसची गाडी, हातात रेक्झिनची पिशवी, पिशवीत निळीत बुडवून इस्त्री केलेला पांढरा कोट, कोटाच्या उजव्या खिशात सहा चिंचोके. एक चेंडू पडला की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्यात. ते चिंचोके वर्षानुवर्षं हाताळून इतके गुळगुळीत झाले होते की अंधारात चमकायचे. मी आठ-नऊ वर्षांची असताना ते मला एक-दोनदा आझाद मैदानावर घेऊन गेले. तिथे एका मॅचचा पॉइंट दुसऱ्या मॅचच्या अंपायरला खेटून उभा असतो, चेंडू कुठल्या मॅचचा हे ओरडून विचारावं लागतं. ऑक्टोबर हीट म्हणजे काय ते मला तिथे कळलं. लाल मातीचा वास, क्लबच्या तंबूतल्या माठाचा वास, आणि ड्रिंक्सच्या वेळी दोन पोरं बादली घेऊन धावत येतात ते. बादलीत बर्फाची लादी फोडून टाकलेलं लिंबाचं सरबत, वर तरंगणाऱ्या बिया, एकच स्टीलचा ग्लास. अकरा फील्डर, दोन बॅट्समन, दुसरे अंपायर, सगळे प्यायचे. बाबा हातानेच नको म्हणायचे. ते कोटाच्या आतल्या बाजूला अडकवलेली आपली चपटी बाटली काढून दोन घोट घ्यायचे. बाटलीत आईने दिलेलं तेच, लिंबू, मीठ, साखर. बारा वाजेपर्यंत ते चहाइतकं गरम झालेलं असायचं.

‘त्यांचं सरबत का नाही प्यायलात?’ मी गाडीत विचारलं.

‘खाल्ल्या मिठाला जागायला लागतं,’ बाबा म्हणाले. ‘आणि मला साडेपाच वाजेपर्यंत कुणालाच जागायचं नसतं.’

आईने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, ‘मग त्यांना सांगा, तुमच्या ग्लासात नुसती साखर घाला म्हणावं.’

मला तेव्हा बाबांचा अभिमान वाटला होता, तो आजही पूर्ण गेलेला नाही. १९८६ साली लाहोरच्या पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीला इम्रान खानच्या आग्रहावरून दोन्ही अंपायर भारतातले नेले, व्ही. के. रामस्वामी आणि आपले पिलू रिपोर्टर, तेव्हा बाबा आठवडाभर नुसते तरंगत होते. रिपोर्टर वीज मंडळात नोकरीला होते. ‘बघा, नोकरी सांभाळून अंपायरिंग करणारा माणूस,’ असं ते येईल त्याला सांगायचे. मी विचारलं, लाहोरला त्यांनी पाकिस्तानचं सरबत प्यायलं असेल का? बाबांनी या प्रश्नावर खरोखर विचार केला. म्हणाले, ‘पाणी कुणाचंही चालतं. सरबताचं मला सांगता येत नाही.’

पण रविवारी संध्याकाळी घरी आल्यावर ते दिवा न लावता पडून राहायचे तेही मला आठवतं. कपाळावर ओला पंचा, डोकं फुटायला आलेलं. आम्हाला हळू बोलायची ताकीद. बावन्नाव्या वर्षी त्यांना मुतखडा झाला. रात्री तीनला रिक्षातून नेलं, वेदनेने ते शिटी वाजवल्यासारखा श्वास घेत होते. डॉक्टरांनी विचारलं, उन्हातलं काम आहे का तुमचं? बाबा म्हणाले, नाही, बँकेत आहे. आई दाराशी उभी होती, ती तेव्हा गप्प बसली. खडा पडला तेव्हा तो एका काचेच्या बाटलीत घालून दिला होता, चिंचोक्यापेक्षा कितीतरी लहान. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘हे तुमचं तत्त्व. कुठे ठेवू?’

त्या दोघांत कुणाचं बरोबर होतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अंपायर हा शब्दच मुळी जुन्या फ्रेंचमधल्या ‘नोंपेर’पासून आला, म्हणजे जोडी नसलेला, विषम. पुढे इंग्रजीत त्याचा आधीचा ‘न’ उपपदाने पळवला, ‘अ नंपायर’चं ‘ॲन अंपायर’ झालं आणि अंपायर उरला. दोघांच्या भांडणातला तिसरा. तिसऱ्याची तहान कुणाकडे सोपवायची असते? घामातून सगळ्यात जास्त मीठ त्याचं जातं, आणि कुणाचंही मीठ खायला नको म्हणून अडून बसतो तोही तोच. गंमत अशी की बाबांच्या चपट्या बाटलीतलं जे पाणी होतं, तेच १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन फुटबॉलच्या पोरांसाठी बनवलं आणि गेटोरेड म्हणून विकलं गेलं. आणि जवळजवळ तेच १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना पाजलं. साखर आतड्यात मिठाला हात धरून आत नेते आणि मिठामागून पाणी जातं. आईला हे माहीत नव्हतं. ती चव बघून करायची.

पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावात दुसरी स्पर्धा होती. पहाटे उठून मी सहा लिंबं पिळली. साखर, शेंदेलोण, चिमूटभर जिऱ्याची पूड, भरपूर बर्फ. नवरा म्हणाला, एवढं कुणाला? मी म्हटलं, आहे एक. खरं म्हणजे तोच अंपायर असेल याची काही खात्री नव्हती, पण तो होता. या वेळी शर्ट निळा, आणि जाळीपाशी एक नाही, दोन थर्मास, झाकणं घट्ट. मला जरा निराश झाल्यासारखंच झालं. तरी गेले. मॅच सुरू व्हायला दहा मिनिटं होती, तो मास्कचे पट्टे आवळत होता. मी म्हटलं, मागच्या आठवड्यात तुमचं पाणी सांडलं होतं ना, मी तिथेच होते, विचारायला हवं होतं. आमच्याकडचं लिंबाचं सरबत आणलंय, घ्याल का?

त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या टी-शर्टवर छापलेल्या आमच्या संघाच्या नावाकडे.

‘मॅच झाल्यावर नक्की, मॅम,’ तो म्हणाला.

मॅचमध्ये विशेष काही सांगण्यासारखं नाही. आम्ही दोन धावांनी हरलो. शेवटच्या इनिंगला दोन आउट, दोन बेसवर माणसं, बॅट माझ्या लेकाच्या हातात, आणि तिसरा स्ट्राइक त्याने नुसता बघत बसून घेतला. चेंडू खाली होता. निदान मला तरी खाली वाटला. मी मात्र चार हातांवरून तिरकं बघत होते, आणि तोंडात माझं स्वतःचंच सरबत होतं म्हणून ओरडायचं राहून गेलं. लेक बॅट ओढत, मातीत रेघ मारत डगआउटकडे गेला.

दहा मिनिटांनी तो अंपायर खरंच आला. टोपी काढलेली, कपाळावर पट्ट्याचा लाल वळ, दोन्ही कानांमागे मिठाची पांढरी भुकटी. मास्कच्या आतलं चामडं त्याने जाळीला टेकवून वाळत ठेवलं होतं, त्यातून अजून पाणी गळत होतं. मी स्टीलचा ग्लास भरून दिला. त्याने आधी वास घेतला, मग एक घोट, मग डोकं मागे टाकून सगळाच रिकामा केला. जिभेने ओठ चाटून बघितले.

‘यात मीठ आहे?’

‘आहे.’

त्याने मान हलवली आणि ग्लास पुन्हा पुढे केला. दुसरा ग्लास त्याने उभ्यानेच, हळूहळू प्यायला, समोरच्या मैदानाकडे बघत. पुढच्या मॅचचे संघ आत येऊन चेंडू फेकायला लागले होते. मग आभार मानले, झाडामागे जाऊन बनियन बदलला, छातीचा गार्ड ओलाच परत बांधला.

गाडीत ए.सी. चालू करून पाच मिनिटं झाली तरी लेक काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘आई, तो बॉल लो होता.’

‘असेल.’

‘आणि तू त्याला सरबत दिलंस.’

‘मॅच झाल्यावर,’ मी म्हटलं. फ्लास्क मागे सरकवला. त्यात अजून अर्धा ग्लास उरलं होतं, ते त्याने थोड्या वेळाने, मी बघत नाहीये असं समजून, संपवलं.